उंदराच्या औषधावर दूध हा उतारा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांच्या रात्रीच्या दवाखान्यांविषयी शनिवारच्या अंकात आलेला लेख वाचला. लेखकांच्या कुत्र्याने उंदराचे औषध खाल्ले, तेव्हा डॉक्टरांनी लूट केली अशी त्यांची तक्रार आहे, आणि सोबतच्या चौकटीत विष पोटात गेल्यास दूध पाजा, मिठाच्या पाण्याने उलटी करवा असे घरगुती उपाय दिले आहेत. हे पत्र छापायचे की नाही ते सवडीने ठरवा, पण त्याआधी लेखकांना फोन करा आणि त्यांचा लॅब्रेडॉर कसा आहे ते विचारा. लेखात लिहिल्याप्रमाणे सोमवारी रात्री त्याने सोसायटीच्या पार्किंगमधले निळे केक खाल्ले, मंगळवारी पहाटे इंजेक्शन झाले, गुरुवारी तो चेंडूमागे धावायला लागला म्हणून डॉक्टरांनी महिनाभरासाठी लिहिलेल्या गोळ्या बंद केल्या. आज रविवार. हे कुटुंब ज्या दिवसांत निर्धास्त झाले आहे, तेच दिवस या विषात सगळ्यांत वाईट असतात.

सोसायट्यांमध्ये ठेवतात ते निळे-हिरवे मेणकट केक बहुधा ब्रोमॅडिओलोन या विषाचे असतात, ०.००५ टक्क्यांचे. म्हणजे १०० ग्रॅम केकमध्ये ५ मिलिग्रॅम विष. हे विष पोटात आग करत नाही, उलटी करवत नाही, झटके आणत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. शरीर तेच के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरात आणते. विष हा फेर बंद पाडते. आधीचा साठा रक्तात असतो तोवर प्राणी खातो, पितो, खेळतो. सगळ्यांत आधी सातवा घटक संपतो, कारण त्याचा साठा जेमतेम सहा तासांत निम्मा होतो. तरीही रक्ताच्या तपासणीत फरक दिसायला दीड ते तीन दिवस लागतात आणि रक्तस्राव साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुरू होतो. त्यामुळे 'दूध पाजल्यावर दोन तासांत तो शेपटी हलवू लागला' या लेखातल्या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. दूध पाजले नसते तरी त्याने शेपटी हलवलीच असती.

दुधाचा सल्ला लेखाच्या चौकटीत ठळक अक्षरांत आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. ब्रोमॅडिओलोनवर दुधाचा काडीचाही उपयोग नाही. पण उंदराचे औषध म्हणजे एकच वस्तू नव्हे. ट्यूबमधून मिळणाऱ्या जुन्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असायचा आणि ती अजून कुठे कुठे घरात सापडते. फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो. त्यावर दूध, तूप किंवा तेल पाजले तर विष शोषले जाण्यास मदतच होते. दोनेक दिवस बरे वाटून मग यकृत निकामी होते. शेतात आणि गोदामात वापरतात ती काळपट-राखाडी पूड झिंक फॉस्फाइडची. ९६ भाग भरडा, २ भाग तेल आणि २ भाग पूड असे आमिष करतात आणि तेलाच्या वासाने कुत्रा ते चाटून पुसून खातो. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की या पुडीतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर काहीही खाऊ घातले की आम्ल वाढते आणि वायूही वाढतो. म्हणून कोणते विष पोटात गेले हे कळेपर्यंत तोंडावाटे काहीही द्यायचे नाही: दूध नाही, दहीभात नाही, कच्चे अंडे नाही.

झिंक फॉस्फाइड खाल्लेला कुत्रा गाडीत ओकला तर त्या वायूने माणसांनाही मळमळ होते, छाती दाटते. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येत असेल तर काचा खाली करा आणि एसी बंद ठेवा.

मिठाच्या पाण्याचेही तसेच. मोठा चमचाभर मीठ म्हणजे १५ ते १८ ग्रॅम. २८ किलोच्या लॅब्रेडॉरने ते सोसले असेल. ५ किलोच्या पॉमेरेनियनला तेवढेच मीठ दिले आणि उलटी झाली नाही, तर रक्तातले सोडियम चढून झटके येऊ शकतात. चौकटीत उलटीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडही सुचवले आहे, तेही टक्केवारी न देता. परदेशी पुस्तकांतली मात्रा ३ टक्क्यांच्या द्रावणाची असते. आपल्या औषधाच्या दुकानात सर्रास मिळते ते '२० व्हॉल्यूम'चे, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे, दुप्पट तीव्र. त्याने जठराचे अस्तर भाजते. मांजराला तर ते कुठल्याच ताकदीचे देऊ नये. उलटी करवायची तर दवाखान्यात, इंजेक्शनने, खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत, आणि प्राणी पूर्ण शुद्धीवर असेल तरच. ती घरी करवण्यात जो अर्धा तास जातो, तो याच दोन तासांतून जातो.

आता ज्या डॉक्टरांवर लेखाचा सगळा रोख आहे त्यांच्याविषयी. 'कुत्रा मरणाच्या दारात आणि हे पाकीट मागतात, वजन विचारतात, किती वाजता खाल्ले ते विचारतात' असे लेखकांनी संतापून लिहिले आहे. रात्री दोन वाजता धास्तावलेल्या माणसाला तसे वाटणे मी समजू शकतो. पण त्या तीन प्रश्नांखेरीज उपचार सुरूच करता येत नाहीत. पाकिटावरून विष कळते, आणि वर सांगितलेल्या तीन विषांचे उपचार एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. वेळेवरून उलटी करवायची की नाही ते ठरते. वजनावरून मात्रा ठरते, विष शोषून घेणारी औषधी कोळशाची पूड किलोमागे १ ते २ ग्रॅम आणि ब्रोमॅडिओलोनवरचा उतारा, म्हणजे के जीवनसत्त्वाचा के-१ हा प्रकार, किलोमागे दिवसाला २.५ ते ५ मिलिग्रॅम. फोनवर औषध सांगायला त्यांनी नकार दिला, तेही बरोबरच केले.

'खडखडीत बऱ्या कुत्र्याला महिनाभर गोळ्या लिहिणे म्हणजे धंदा', हे वाक्य मात्र आपण छापायला नको होते. ब्रोमॅडिओलोन यकृतात आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसते. गोळीतले के-१ एक-दोन दिवसांत संपते. गोळी बंद केली की विष पुन्हा कामाला लागते. म्हणून साधारण चार आठवडे गोळ्या आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्ताची पीटी तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहणे. ती वाढलेली निघाली तर गोळ्या पुन्हा सुरू. डॉक्टरांनी तपासणीची तारीख आधीच लिहून दिली होती, हे लेखातच आहे. लेखकांनी त्याला 'पुढच्या बिलाची सोय' म्हटले आहे. त्यांनी गुरुवारी गोळ्या थांबवल्या असतील तर ते ४८ तास उलटून गेले आहेत. तपासणी आजच करायला हवी.

ती करताना दोन चुका नेहमी होतात. नमुना निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत, खुणेपर्यंत भरून घ्यावा लागतो. नळी अर्धी राहिली तर आकडा खोटा येतो. आणि माणसांच्या लॅबमध्ये तपासणी केली तर अहवालावर माणसांचीच नॉर्मल मर्यादा छापलेली असते. कुत्र्याचा पीटी मुळातच माणसापेक्षा कमी सेकंदांचा असतो. १३ सेकंद आले की अहवालावर 'नॉर्मल' दिसते, पण कुत्र्याच्या हिशेबाने ते बहुधा वाढलेले असते. अहवाल पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय सुटकेचा नि:श्वास टाकू नये.

गोळ्या मिळवतानाही असाच घोळ होतो. पाकिटावर फायटोमेनॅडिओन किंवा फायटोनॅडिओन हे शब्द हवेत. नुसते 'व्हिटॅमिन के' मागितले तर मेनॅडिओन, म्हणजे के-३ हाती पडू शकते, आणि या विषावर ते चालत नाही. इंजेक्शन मागितले तर औषधवाला नवजात बाळांची १ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल काढून देतो. २८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला किमान ७० मिलिग्रॅम लागते. बाळाच्या ७० ॲम्प्यूल कोणी फोडणार नाही, म्हणून १० मिलिग्रॅमची मागावी. गोळी द्यायची ती थोड्या स्निग्ध जेवणाबरोबर, कारण के-१ चरबीतून शोषले जाते. दूध-तुपाचा काही उपयोग असलाच तर तो इथे, निदान झाल्यावर आणि गोळीसोबत.

त्या कुटुंबाने काय पाहावे, तेही सांगतो. रक्त बाहेर दिसेलच असे नाही. पुष्कळदा ते छातीत साचते आणि दिसतो फक्त खोकला, धाप, मान पुढे काढून घेतलेला श्वास. सांध्यात साचले तर कुत्रा लंगडतो आणि घरचे म्हणतात, खेळताना पाय मुरगळला. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिकट असतील किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल तर सकाळची वाट पाहू नका. त्याला पळवू नका, गळपट्ट्याने ओढू नका, उचलून न्या. कारण या टप्प्यावर के-१ देऊनही नवे घटक तयार व्हायला ६ ते १२ तास लागतात आणि मधला वेळ फक्त दुसऱ्या कुत्र्याचे रक्त किंवा प्लाझ्मा तारून नेतो. रक्तदाता २५ किलोंच्या वरचा, लसीकरण पूर्ण झालेला, गोचीडतापाची तपासणी झालेला लागतो. मध्यरात्री तो कुठून आणायचा? ज्या गोळ्यांना लेखात लूट म्हटले आहे, त्या ही वेळ येऊ नये म्हणूनच असतात.

दवाखान्यांची चूक नसते असे मला म्हणायचे नाही. उपचार सुरू करण्याआधी अंदाजे खर्च कागदावर द्यावा, अनामत किती आणि ती कशात वळती होणार हे सांगावे, आणि 'चौथ्या दिवशी धोका आहे' हे वाक्य पालकाला मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. ते दिले असते तर या लेखकांनी गोळ्या थांबवल्या नसत्या असे मला वाटते. रात्री उघडे दवाखाने मुळात मोजके. मुंबईबाहेर, तालुक्याच्या गावी तर सरकारी दवाखान्याला संध्याकाळी कुलूप आणि १९६२ या फोन क्रमांकावर येणारी फिरत्या दवाखान्याची गाडी मुख्यत्वे गुराढोरांसाठी. या प्रश्नावर लेखात एक ओळ नाही.

आणि सोसायटीला एकही प्रश्न नाही! केक उघड्यावर, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर कोणी ठेवले? कुलूपबंद आमिषपेटी मिळते. तिच्या भोकातून उंदीर जातो, कुत्र्याचे तोंड जात नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याने औषधाचे रासायनिक नाव, टक्केवारी, ठेवलेल्या केकची संख्या आणि जागा नोटीस बोर्डावर लिहिलीच पाहिजे. संख्या माहीत असेल तर उरलेले केक मोजून किती खाल्ले ते काढता येते. पाकीट कचऱ्यात न टाकता वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायला सांगितले तर रात्री ते शोधण्यात जाणारा वेळही वाचेल.

आपला,
पशुवैद्यकीय कामाशी संबंधित एक वाचक, ठाणे

ता. क. त्याच चौकटीत शेवटी 'ताप असल्यास अर्धी पॅरासिटामॉल द्यावी' असे छापले आहे, कुत्रा की मांजर हे न सांगता. मांजराचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही. ५०० ची अर्धी गोळी ४ किलोच्या मांजराला किलोमागे ६० मिलिग्रॅमहून जास्त पडते. काही तासांत हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास अपुरा पडतो. कोणी दिलीच असेल तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. उतारा ॲसिटिलसिस्टीनचा, पहिली मात्रा किलोमागे १४० मिलिग्रॅम आणि पुढे दर ६ तासांनी ७०, आणि तो जितका लवकर तितका बरा. माझ्या पत्राला जागा नसेल तर राहू द्या. या एका ओळीची दुरुस्ती मात्र उद्याच्या अंकात, चौकट होती त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत छापा.