दगडी हत्यारांवरचे पुरावे धुऊन टाकू नयेत : केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि देशात पुरातत्त्वीय उत्खनन करायचे तर त्याचा परवाना त्या संस्थेकडूनच घ्यावा लागतो, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे. अश्मयुगीन स्थळाच्या उत्खननाचा परवाना देताना, सापडलेल्या दगडी हत्यारांपैकी ठरावीक हत्यारे न धुता, न घासता, प्रत्येकी स्वतंत्र पिशवीत जपून ठेवण्याची अट घालावी आणि अशा हत्यारांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणारी एक सार्वजनिक प्रयोगशाळा उभी करावी, अशी माझी मागणी आहे. मंत्रालयाच्या कारभारात ही बाब फारच लहान वाटण्याचा संभव आहे, म्हणून तिच्यामागचे कारण थोडे विस्ताराने मांडतो.

३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकांना तेव्हाच्या मद्रासजवळ पल्लावरम येथे एक दगडी हत्यार सापडले आणि भारतातील अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. त्याच वर्षी त्यांच्या नजरेस आलेल्या तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम या स्थळावर पुढे शांती पप्पू आणि कुमार अखिलेश या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननातून, तिथल्या हातकुऱ्हाडी, म्हणजे हातात धरून वापरायची घडवलेली मोठी दगडी हत्यारे, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. तर छिलक्यांवर, म्हणजे मोठ्या दगडावरून फोडून काढलेल्या धारदार तुकड्यांवर, घडवलेल्या पुढच्या टप्प्यातील हत्यारांची सुरुवात तिथे सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाते, हे २०१८ साली. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातील इसामपूर येथे तर चुनखडीच्या लाद्या फोडून तिथल्या तिथे हातकुऱ्हाडी घडवल्या जात होत्या. ही सारी माहिती मोलाचीच आहे. परंतु ती मुख्यतः हत्यार केव्हाचे आणि ते कसे घडवले, एवढेच सांगते. त्या हत्याराने काय केले, हरीण मारले की आधीच मेलेल्या जनावराचे मांस सोडवले, कातडे कमावले की लाकूड तासले, याविषयी आपल्याकडे सांगण्यासारखे फार थोडे आहे.

हत्याराच्या आकारावरून त्याचा उपयोग ओळखता येतो, असे पुष्कळ काळ मानले जात असे आणि अजूनही अनेक अहवालांत तसे गृहीत धरलेले असते. त्रिकोणी, टोकदार छिलका दिसला की त्याची नोंद भाल्याचे टोक म्हणून होते. तोच छिलका प्रत्यक्षात मांस कापण्याची सुरी असू शकतो, किंवा आधी भाल्याला लावलेले आणि मोडल्यावर कातडे तासायला घेतलेले टोकही असू शकते. याचा निवाडा धारेवर उमटलेल्या खुणांवरूनच होतो. सोव्हिएत संशोधक सेर्गेई सेम्योनोव्ह यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून या अभ्यासाची पद्धत घालून दिली. तिचा गाभा असा की, दगड ज्या वस्तूवर चालतो ती वस्तू दगडावर आपली खूण सोडते. कातडे तासणाऱ्या धारेला बोथट गोलाई येते आणि तिच्यावरची चमक मंद, तेलकट दिसते. गवत किंवा पिकाचे ताटे कापणाऱ्या धारेवर वनस्पतीतील सिलिकामुळे काचेसारखा तजेला चढतो. हाडावर चाललेल्या धारेचे बारीक टवके उडालेले असतात आणि उरलेल्या कडेवर उजळ, तुटक ठिपके राहतात. साधारण १०० ते ४०० पट मोठे करून पाहिले तर हे फरक प्रशिक्षित नजरेला वेगळे करता येतात.

शिकारीची खूण याहूनही विलक्षण असते. फेकलेल्या किंवा भोसकलेल्या हत्याराचे टोक हाडावर आदळले की आघात टोकाकडून बुडख्याकडे धावतो. टोक मोडते आणि मोडलेल्या जागेपासून हत्याराच्या अंगावर एक लांबट टवका उडतो, जो पुढे हळूहळू निमुळता न होता पायरीसारखा एकाएकी थांबतो. नुसते खाली पडून किंवा जनावरांच्या पायाखाली येऊनही कधीकधी असे टवके उडतात. म्हणूनच अभ्यासक तशीच नवी टोके घडवतात, ती दांड्याला बसवून प्राण्याच्या मृत शरीरावर मारून पाहतात, दुसरीकडे काही टोके मुद्दाम तुडवून घेतात, आणि दोन्हींतील मोडतोडीचे प्रमाण मूळ हत्यारांशी ताडून पाहतात. एकट्या हत्याराच्या भरवशावर शिकारीचा निष्कर्ष काढायचा नसतो.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. आदिमानव स्वतः शिकार करी की वाघसिंहांनी टाकून दिलेल्या शिकारीवर जगे, हा वाद गेली अनेक दशके चालू आहे आणि त्याच्या उत्तरावर आपले माणसाविषयीचे आकलन अवलंबून आहे. मोठ्या जनावराची शिकार म्हणजे आधी आखणी करणे, एकमेकांना इशारा देणे, मारलेले वाटून घेणे आणि हे सारे पुढच्या पिढीला शिकवणे. जर्मनीतील श्योनिंगेन येथे १९९०च्या दशकात घोड्यांच्या हाडांसोबत लाकडी भाले सापडले, तेव्हा या वादाला जोरदार कलाटणी मिळाली. शेजारच्या श्रीलंकेत फा-हिएन लेना या गुहेतील हाडांच्या टोकांवरच्या मोडतोडीचा अभ्यास करून, सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वी तिथे धनुष्यबाण वापरात होते, असे संशोधकांनी २०२० साली मांडले. त्या गुहेतले लोक माकडे आणि खारींसारखे चपळ प्राणी मारत होते, हे त्याआधीच दिसून आले होते. मध्य प्रदेशातील मेहताखेडी येथील सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अगदी छोटी दगडी पाती, सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची आहेत, आंध्र प्रदेशातील ज्वालापुरमची सुमारे ३५ हजार. बोटाच्या पेराएवढी ही पाती बाणाला लावली जात होती का, हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. आपल्या हवामानात लाकूड टिकत नाही आणि पुराश्मयुगीन स्थळांवर हाडेही क्वचितच हाती लागतात. बहुतेक ठिकाणी उरतो तो केवळ दगड, आणि म्हणूनच त्याच्या धारेवरची खूण आपण गमावता कामा नये.

ती गमावली जाते कशी, हेही सांगायला हवे. उत्खननाच्या छावणीत दिवसभरात निघालेली हत्यारे संध्याकाळी घमेल्यातील पाण्यात घालून ब्रशने खसाखसा घासण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली आहे. मग ती उन्हात वाळतात, त्यांच्यावर नेलपॉलिशचा एक हात देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहिला जातो आणि एका थरातील सगळी हत्यारे एकाच कापडी पिशवीत भरली जातात. घासण्याबरोबर धारेला चिकटलेले रक्ताचे, पिष्टकणांचे किंवा दांडा बसवण्यासाठी लावलेल्या डिंकाचे अवशेष निघून जातात. पुढे पिशवीत हत्यारावर हत्यार आपटून धारेचे जे टवके उडतात ते वापराने उडालेल्या टवक्यांसारखेच दिसतात आणि नंतरच्या अभ्यासकाची फसगत करतात. यात कोणाचा निष्काळजीपणा आहे असे मी म्हणत नाही. ज्या काळात ही पद्धत पडली त्या काळात हत्याराचा आकार आणि दगडाचा प्रकार पाहणे एवढेच काम होते.

या पद्धतीच्या मर्यादाही आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे. नदीच्या दगडगोट्यांत लोळून झिजलेल्या हातकुऱ्हाडीवर वापराची खूण उरत नाही. क्वार्टझाइट या कठीण दगडाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावरची चमक वाचणे कठीण जाते आणि दख्खनच्या काळ्या पाषाणावर रासायनिक झिजेचा थर चढलेला असतो. म्हणून सुरुवात चर्ट, कॅल्सेडनी, अकीक अशा बारीक कणांच्या दगडांपासून आणि मूळ जागेवरून न हललेल्या थरांपासून करावी. सूक्ष्मास्त्रे बहुतांशी याच दगडांची असल्याने पहिली भरीव उत्तरे तिथेच मिळतील, असे मला वाटते.

प्रयोगशाळेसाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. सर्वेक्षणाची प्रागैतिहास शाखा नागपूरला आहेच. तिला चांगले सूक्ष्मदर्शक, अवशेषांच्या रासायनिक तपासणीची सोय आणि मुख्य म्हणजे या कामासाठी कायम नेमलेली माणसे द्यावीत. स्थानिक दगडाची नवी हत्यारे घडवून, ती कातडे, हाड, बांबू, गवत यांवर ठरावीक वेळ वापरून तयार केलेला संदर्भसंग्रह तिथे असावा आणि तो कोणत्याही विद्यापीठातील विद्यार्थ्याला पाहता यावा, कारण परदेशी दगडांवरचे संदर्भ आपल्या दगडांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उपकरणे एकदा विकत घेता येतात, पण खुणा वाचणारी नजर तयार व्हायला वर्षे लागतात. कंत्राटी नेमणुकांवर ती तयार होणार नाही.

ज्या स्थळांवर भिंती नाहीत, खांब नाहीत, नुसते माळरानावर पसरलेले छिलके आहेत, ती बहुधा संरक्षित म्हणून घोषितच झालेली नसतात आणि मुरूम उपसताना किंवा खाणीच्या कामात एका दिवसात नाहीशी होतात. खाणकामाच्या परवानगीपूर्वी अशा जागांची अश्मयुगाच्या जाणकाराकडून पाहणी व्हावी, यासाठी आपण संबंधित मंत्रालयांशी बोलावे, ही विनंती आहे. तो विषय मोठा आहे आणि त्याला वेळ लागेल, हे मी जाणतो.

न धुतलेल्या नमुन्यांच्या अटीला मात्र कायद्यात बदल करावा लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. परवान्याच्या अटींत एक कलम आणि अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवला की पुरे. पुढच्या हंगामाचे परवाने निघण्यापूर्वी आपण तसे आदेश द्यावेत.

आपला विश्वासू,
प्रागैतिहासाचा एक अभ्यासक