आधी मला फोन करू नकोस

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू ‘बाबा, आता पुरे’ म्हणालास. रक्तदाबाचा विषय पुन्हा काढायचा नाही असे ठरवूनच हे पत्र लिहायला बसलो, आणि तो पहिल्याच परिच्छेदात आला.

त्या पहाटे डाव्या कुशीत दुखते म्हणून तू विचारलेस, तेव्हा ‘मुतखडा असेल, पाणी पी, मलाही झाला होता’ असे सांगणारा मीच होतो. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, तरी ‘पडून गेला असेल’ म्हणत ज्या डॉक्टरांनी तुला वेदनाशामक देऊन घरी पाठवले, त्यांना मी कोणत्या तोंडाने बोल लावू? दुखणे कळा येऊन ओसरणारे नाही, एकसारखे आहे, हे तू दुसऱ्या दिवशी परत जाऊन ठामपणे सांगितलेस, म्हणून शिरेतून औषध सोडून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे स्कॅन, झाले. त्या ठामपणाचा मला अभिमान वाटतो. तुझ्यासमोर तो बोलून दाखवता आला नाही.

पडद्यावरचे ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. उजळलेल्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला पाचरीसारखा एक काळा तुकडा होता आणि धमनीत केसाएवढी रेघ. धमनीच्या आतल्या थराला चीर पडली, रक्त थरांच्या मधे शिरले, खरी वाट अरुंद झाली आणि जिथे रक्त पोहोचले नाही तेवढा भाग मेला. मार नाही, अपघात नाही. धमन्यांच्या भिंतींची वाढ बिघडवणारा फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया नाही, शरीराला आधार देणाऱ्या संयोजी ऊतींचा आनुवंशिक आजारही नाही. कारण सापडले असते तर मी निदान त्याच्यावर तरी चिडलो असतो.

रक्त कमी पडलेले मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडून साऱ्या शरीराचा रक्तदाब चढवते, आणि चढलेला दाब त्याच दुबळ्या भिंतीवर आदळतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहीत जा, रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, पुढचे स्कॅन चुकवू नकोस, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत जिममध्ये वजने उचलू नकोस. पुन्हा प्रवचन झाले. माफ कर.

तू सात वर्षांचा असताना माईच्या धाकाने मोडलेला हात रात्रभर पांघरुणात लपवून झोपला होतास. सकाळी सदरा घालताना ओठ पांढरे पडले, तेव्हा आम्हाला कळले. मला रक्तदाबाची भीती वाटते, पण त्याहून जास्त त्या पांघरुणाची वाटते; आणि या वेळी ‘खडाच असेल’ म्हणत ते तुझ्यावर घालणारा मीच होतो.

कोणत्याही कुशीत पुन्हा दुखले, तर आधी मला फोन करू नकोस. निळी फाइल आणि सीडी घेऊन सरळ रुग्णालयात जा, आणि धमनीला चीर पडली होती हे पहिल्या वाक्यात सांग. मला नंतर कळव, कितीही वाजले असोत.

तुझा,
बाबा