आखणी नकाशावर असतानाच लोकांचे ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महामार्गासाठी जाणाऱ्या जंगलांवर आपल्या अंकात नुकताच एक लेख आला होता. जितकी झाडे तुटतील त्याच्या कितीतरी पट नवी लावता येतात, मग विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तरी काय, असा त्याचा एकंदर सूर होता. तो वाचून राहवले नाही. जे लोक नोकरीधंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून एखादी जागा वाचवायला उभे राहतात, त्यांचे म्हणणे त्या लेखात कुठेच आलेले नव्हते.

मुळात ही भांडणे झाडांच्या संख्येवरून होतच नाहीत. दुर्मीळ अधिवासात पुष्कळदा तोडण्याजोगे झाडच नसते. ती एखादी दलदल असते, चुनखडीवरचा गवताळ उतार असतो, नाहीतर कातळावर बोटभर मातीत वाढणारी रानफुले असतात. सरकारी कागदांत अशा जागेची नोंद बहुधा पडीक म्हणूनच असते. तिथले पाणी कुठून झिरपते, माती किती पातळ आहे, ऊन किती वेळ पडते, यावर तिथले सगळे जगणे अवलंबून असते. त्याच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली तर रोपवाटिका मिळेल, तो अधिवास मिळणार नाही.

पोलंडच्या ईशान्य भागातील रोस्पुडा नदीच्या खोऱ्याचे उदाहरण इथे मुद्दाम देतो. आगुस्तुव या गावातून मालवाहू ट्रकांची रीघ लागलेली असे. त्यावर उपाय म्हणून बाह्यवळण रस्ता आखला गेला तो थेट रोस्पुडाच्या दलदलीवरून, सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या पुलावरून. दलदल म्हटली की आपल्याला साचलेले, कुजके पाणी आठवते. इथे तसे नाही. खोऱ्याच्या कडेने भूजल पाझरते आणि कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थरांतून अगदी संथपणे नदीकडे सरकत राहते. हे थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. त्यांच्यात खांब ठोकले, बाजूला भराव टाकला, की पाण्याची वाट बदलते आणि मग वरचे सगळे हळूहळू वाळत जाते. पोलंडमध्ये फक्त याच खोऱ्यात उरलेले एक ऑर्किड आहे. वीतभरही उंची नसलेले, हिरवट-पिवळ्या बारीक फुलांचे. गवतात गुडघे टेकून शोधल्याशिवाय ते दिसत नाही. पुलावरून जाणाऱ्या कोणालाही ते कधीच दिसले नसते.

लोकांनी तिथे काय केले ते पाहण्यासारखे आहे. 2007 च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, कार्यकर्त्यांनी आखणीच्या वाटेवर तळ ठोकला. शहरांतून हजारो माणसे हिरव्या फिती लावून फिरू लागली. एका मोठ्या दैनिकाने ही मोहीम आपली मानली आणि सह्यांचा ढीग जमला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंतरिम आदेश आला आणि खोऱ्यातले काम थांबले. पण माझ्या मते निर्णायक गोष्ट निराळी होती. दलदल टाळून जाणारा दुसरा मार्ग पर्यावरण संघटनांनी आधीच मांडलेला होता. 2009 मध्ये सरकारने मार्ग बदलला. राच्की या गावाजवळून जाणारा रस्ता 2014 मध्ये सुरूही झाला. गावाला बाह्यवळण मिळाले, खोरेही राहिले.

हे सगळे एकमताने झाले असे मात्र कोणी समजू नये. आगुस्तुवचे रहिवासी या आंदोलनावर संतापलेले होते. दारासमोरून रात्रंदिवस ट्रक जात होते, अपघातांत माणसे मरत होती. रस्ता हवाच होता आणि त्यांचा राग खरा होता. रस्त्याचे काम लांबले त्याची झळ त्यांनीच सोसली. म्हणून मला वाटते, अधिवासासाठी लढणाऱ्याने गावकऱ्यांना विरोधक मानू नये; आपण सुचवलेल्या मार्गाने त्यांचा त्रासही कमी होतो हे त्यांच्या ओट्यावर बसून पटवून द्यावे. हे काम न्यायालयातल्या लढाईपेक्षा अवघड आहे.

आता 'हलवून दुसरीकडे नेऊ' या उपायाचे बघा. इंग्लंडमध्ये न्यूबरीच्या बाह्यवळण रस्त्याच्या वाटेत तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी एक दुर्मीळ गोगलगाय सापडली. 1996 मध्ये झाडांवर चढून बसलेल्या आंदोलकांना खाली उतरवले गेले, शेकडो लोकांना अटक झाली, हजारो झाडे पडली. गोगलगायीसाठी न्यायालयात केलेली याचिकाही टिकली नाही. तिच्यासाठी नवी पाणथळ जागा तयार करून तिला तिथे हलवले गेले. 1998 मध्ये रस्ता सुरू झाला. पुढे दहा वर्षांच्या आतच त्या नव्या जागेतून ती नाहीशी झाल्याचे आढळले. कागदोपत्री भरपाई पूर्ण झाली होती. असे कागद पुढच्या प्रत्येक प्रकल्पात दाखले म्हणून पुढे केले जातात, याची मला जास्त चिंता वाटते.

लोकांच्या कामाचा खरा कणा घोषणा नसून नोंदी आहेत. एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्या आत उगवलेली प्रत्येक वनस्पती ओळखायची, तारीख आणि ठिकाण लिहायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या ऋतूत पुन्हा त्याच जागी जायचे. प्रकल्पासाठी होणारी पाहणी कित्येकदा एकाच ऋतूत उरकली जाते. ज्या वनस्पतीचे अस्तित्व वर्षातले चार-सहा आठवडेच जमिनीवर दिसते, ती अशा अहवालात येणार कशी? मग 'या जागी दुर्मीळ काही आढळले नाही' असे वाक्य छापले जाते, आणि ते खोडून काढायला स्थानिकांच्या वह्यांखेरीज दुसरे काही नसते. गोव्यातील मोले अभयारण्यातून महामार्ग, रेल्वे आणि वीजवाहिनी नेण्याच्या प्रकल्पांविरुद्धही विद्यार्थी, चित्रकार, वकील आणि संशोधक असेच कागद गोळा करत एकत्र आले. त्यांपैकी रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली.

आपण संपादक आहात, म्हणून आणखी एक नाव घेतो. मिखाईल बेकेतोव्ह हे मॉस्कोजवळच्या खिम्कीतील एका छोट्या वृत्तपत्राचे संपादक. तिथल्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाविरुद्ध ते लिहीत राहिले. नोव्हेंबर 2008 मध्ये त्यांच्यावर इतका भीषण हल्ला झाला की त्यांना एक पाय आणि हाताची बोटे गमवावी लागली. 2013 मध्ये ते गेले. रस्ता त्या जंगलातूनच झाला. अशा बातम्यांची किंमत काही जणांनी काय मोजली आहे हे माहीत असल्यामुळेच, त्या छापल्या जाव्यात असे मला कळकळीने वाटते.

माझी मागणी साधी आहे. महामार्गाची बातमी बहुधा भूमिपूजनाला येते, नाहीतर लोक बुलडोझरला आडवे आल्यावर. तोवर भूसंपादन झालेले असते, कंत्राट दिलेले असते, पैसा अडकलेला असतो, आणि मग प्रामाणिक अधिकाऱ्यालाही मार्ग बदलणे जमत नाही. आखणी मात्र त्याच्या किती तरी आधी ठरते आणि हरकती मागवणारी सूचना आतल्या पानावर बारीक टायपात येऊन जाते. ती सूचना आली की आपण आखणीचा नकाशा मोठा करून छापावा, रेघ कोणत्या पाणथळीतून, कोणत्या माळावरून जाते ते गावांच्या नावांसह दाखवावे आणि हरकतीची शेवटची तारीख ठळक द्यावी. तिथल्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना त्याच पानावर जागा द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक