शेवटच्या पाच मिनिटांचा हिशेब : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

दिनांक : 22 नोव्हेंबर 2025

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री,
युवक कार्य व क्रीडा मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : भारतीय पुरुष फुटबॉल संघाची दुरवस्था

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी, 18 नोव्हेंबरला, ढाक्यात आपला फुटबॉल संघ बांगलादेशकडून 0-1 असा हरला. अकराव्या मिनिटाला गोल स्वीकारल्यानंतर उरलेल्या जवळजवळ 80 मिनिटांत आपल्याला त्याची परतफेड करता आली नाही. बांगलादेशकडून आपण याआधी हरलो होतो ते 2003 साली. 2027 च्या आशियाई चषकाचे दार तर त्यापूर्वीच, 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने आपल्याला 2-1 असे हरवले तेव्हा, बंद झाले होते. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे आणि एका खेळाच्या एका सामन्यासाठी मंत्र्यांना पत्र लिहू नये, हे मला समजते. पण हा एका सामन्याचा प्रश्न राहिलेला नाही, म्हणून आपला थोडा वेळ घेत आहे.

या पात्रता फेरीत आपल्या गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर हे संघ होते. गट पडले तेव्हा चौघांत सर्वांत वरचे मानांकन आपले होते. आजवर झालेल्या पाच सामन्यांत आपण दोन गोल केले, दोन गुण मिळवले आणि एकही सामना जिंकला नाही. ज्या हाँगकाँगची लोकसंख्या 75 लाखांच्या आसपास आहे आणि ज्या सिंगापूरची 60 लाखांच्या आसपास, त्यांच्यासमोर 140 कोटींच्या देशाची ही अवस्था आहे. 2019 आणि 2023 अशा लागोपाठ दोन आशियाई चषकांना आपण पात्र ठरलो होतो. तिसऱ्या वेळी 24 संघांच्या स्पर्धेतही आपल्याला जागा मिळाली नाही.

संघाचे दोष मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्यांतला सर्वांत मोठा दोष मला झोपेतही सांगता येईल. 14 जानेवारी 2019, शारजा : बहरीनविरुद्ध बरोबरी झाली असती तरी आपण बाद फेरीत गेलो असतो. गोलफलक 0-0 असताना भरपाई वेळेत आपण पेनल्टी दिली आणि घरी परतलो. 26 मार्च 2024, गुवाहाटी : अफगाणिस्तानविरुद्ध आपण 1-0 ने पुढे होतो. सत्तराव्या मिनिटाला त्यांनी बरोबरी साधली, 88 व्या मिनिटाला आपण पेनल्टी दिली आणि विश्वचषक पात्रतेची आशा तिथेच खिळखिळी झाली. 10 जून 2025, हाँगकाँग : पुन्हा 0-0, पुन्हा भरपाई वेळ, पुन्हा आपल्याच गोलक्षेत्रात केलेली चूक आणि पुन्हा पेनल्टी. सहा वर्षांत तीन वेगवेगळे प्रशिक्षक होते, बचावफळीतले बरेचसे चेहरेही बदलले होते, आणि तरीही शेवट तोच. घरात टीव्हीसमोर बसलेला माणूस 85 वे मिनिट लागले की हात जोडू लागतो, ही सवय मला या संघाने लावली आहे.

यावर खेळाडूंना शिव्या देणे सर्वांत सोपे आहे आणि समाजमाध्यमांवर ते रोज चालते. मी ते करणार नाही, कारण हेच खेळाडू सिंगापूरला जाऊन, एका खेळाडूला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी, नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधून आले होते. त्यांच्यात जिद्द आहे. नाही ती सवय. दमलेल्या पायांनी आणि धडधडत्या छातीने शेवटच्या पाच मिनिटांत डोके शांत ठेवण्याचा सराव फक्त अटीतटीच्या सामन्यांतूनच होतो, आणि असे सामने आपल्या मुलांना लहानपणापासून पुरेसे मिळतच नाहीत.

दुसरा दोष गोल करण्याचा. 2024 च्या जानेवारीत कतारमध्ये झालेल्या 2023 च्या आशियाई चषकात आपण ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याशी तीन सामने खेळलो आणि एकही गोल न करता परतलो. इंडियन सुपर लीग या देशाच्या अव्वल लीगच्या 2024-25 च्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा भारतीय खेळाडू कोण होता, हे आपल्याला ठाऊक असेलच. तो सुनील छेत्री होता, 14 गोल, वय वर्षे 40. त्याच हंगामात सर्वाधिक 23 गोल एका मोरोक्कन खेळाडूने केले. 2014 पासून झालेल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. छेत्रीने 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला, आणि नऊ महिन्यांनी आपण त्याला परत बोलावले, कारण त्याच्या जागी उभे करायला आपल्याकडे कोणी नव्हते. तो परत आला, शिलाँगला मालदीवविरुद्ध गोलही करून गेला. देशाने त्याच्यावर प्रेम केले, मीही केले, पण चाळिशीतल्या माणसाला पुन्हा बूट बांधायला लावावे लागले यात अभिमान बाळगण्यासारखे काय होते, हे मला अजून उमगलेले नाही.

याचे कारण मैदानावर दिसते. क्लबच्या संघात एका वेळी चार परदेशी खेळाडू उतरू शकतात आणि प्रत्येक क्लब त्यांना संघाच्या कण्यात बसवतो : एक मध्यवर्ती बचावपटू, एखाद-दोन मध्यरक्षक आणि हमखास एक स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा. भारतीय मुलाच्या वाट्याला येतात त्या कडेच्या जागा. म्हणून आपल्याकडे वेगवान विंगर आहेत, चांगले बॅक आहेत, पण गोलसमोर पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थांबवणारा आणि अर्ध्या संधीचे सोने करणारा कोणी नाही. क्लबांचे पैसे लागलेले असतात, त्यांना आजचा सामना जिंकायचा असतो, त्यामुळे मी त्यांना फार दोष देत नाही. उद्याचा विचार करण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ असतो आणि महासंघाला जाब विचारण्यासाठी आपले मंत्रालय.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आठव्या वर्षापासून तो सेंटर फॉरवर्ड, म्हणजे स्ट्रायकर म्हणून खेळतो आणि त्याला गोल करता येतात, हे मी बाप म्हणून सांगत नाही, त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलांचे प्रशिक्षकही सांगतात. गेल्या वर्षी तो ज्या अकादमीत जातो तिथल्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की याला आता राइट बॅकला, म्हणजे बचावात उजव्या कडेला खेळवू, पुढे क्लबमध्ये जायचे असेल तर स्ट्रायकरला जागाच नसते. ते गृहस्थ वाईट नाहीत. ते मुलाच्या भल्याचेच बोलत होते, आणि तेच मला जास्त लागले. त्या रात्री मुलगा जेवला नाही. वर्षभरात त्याला स्पर्धात्मक म्हणावेत असे नऊ सामने मिळाले, त्यांतले पाच एकाच आठवड्यात. बाकीचे वर्ष त्याने सराव केला, शंकूंच्या मधून चेंडू काढला आणि आपापसात सामने खेळले. नऊ सामने खेळलेल्या मुलाने उद्या देशासाठी भरपाई वेळेतल्या चौथ्या मिनिटाला डोके थंड ठेवावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार आहोत?

आता मंत्रालयाबद्दल बोलतो, आणि इथे माझा स्वर चढला तर क्षमा करावी. 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांना फुटबॉल संघ पाठवलाच गेला नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या वेळी मंत्रालयाने सांघिक खेळांसाठी आशियातील पहिल्या आठांत असण्याची अट पुढे केली आणि संघ पुन्हा घरी बसणार असे दिसू लागले. तेव्हाच्या प्रशिक्षकांना थेट पंतप्रधानांना उद्देशून विनंतीपत्र लिहावे लागले, तेव्हा कुठे अट शिथिल झाली. पण तोवर लीगच्या तारखा ठरल्या होत्या, क्लबांनी खेळाडू सोडायला नकार दिला, आणि शेवटी जमवाजमव करून पाठवलेला संघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला. सरावाविना मैदानात गेलेला तो संघ चीनकडून 1-5 असा हरला. त्या मुलांचा पराभव विमानतळावरच झाला होता. खेळण्याआधी चांगले खेळून दाखवा, मगच खेळायला पाठवू, ही अट घालणाऱ्या अधिकाऱ्याने आयुष्यात एकदा तरी एखाद्या मुलाला पोहायला शिकवले असेल काय?

आणि जेव्हा आम्ही महासंघाच्या कारभाराबद्दल विचारतो, तेव्हा उत्तर येते की क्रीडा महासंघ स्वायत्त असतात. संघ पाठवायचा की नाही हे ठरवताना सरकारला अधिकार असतो आणि संघ का बुडाला हे विचारताना नसतो, हा न्याय मला मान्य नाही. महासंघाची घटना 2017 पासून न्यायालयात अडकली होती. त्या गोंधळापायी ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने आपल्याला निलंबित केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने घटनेला अंतिम मान्यता दिली ती यंदाच्या सप्टेंबरमध्ये. आठ वर्षे! 2017 मध्ये भारतात 17 वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा जी मुले आपल्यासाठी खेळली, ती आता पंचविशीत आहेत. फुटबॉलपटूच्या उमेदीची सगळी वर्षे खटल्याच्या तारखांत निघून गेली.

जानेवारी 2023 मध्ये महासंघाने 2047 पर्यंतचा आराखडा जाहीर केला, त्यात स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत आशियातील पहिल्या चारांत जाण्याचे स्वप्न होते. मी तो आराखडा मुलाला वाचून दाखवला होता, इतका मी भाबडेपणाने विश्वास ठेवला. 2023 च्या जुलैत आपण जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात होतो, आज 142 व्या स्थानी आहोत. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की हे पत्र लिहीत असताना देशात अव्वल लीगच सुरू नाही. महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी 2010 साली झालेला 15 वर्षांचा करार येत्या 8 डिसेंबरला संपतो आहे, ही तारीख 15 वर्षांपासून माहीत होती, तरी जुलैत लीग स्थगित झाली, काही क्लबांनी संघाचे काम आणि पगार थांबवले, आणि नव्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला मुदतीत एकही बोली आली नाही. ढाक्यात उतरलेल्या आपल्या खेळाडूंच्या पायांत या मोसमात लीगचा एकही सामना नव्हता. मग शेवटची मिनिटेच काय, पहिली मिनिटे तरी कशी सांभाळणार?

वडिलांनी मला लहानपणी 1962 च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या अंतिम सामन्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ती मीच पाहिल्यासारखी वाटते : दक्षिण कोरियाविरुद्ध 2-1, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे गोल, आणि कर्करोगाने पोखरलेले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, जे पुढच्याच वर्षी जूनमध्ये गेले. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण चौथे आलो. तो मुंबईच्या मैदानांवर घडलेला सेंटर फॉरवर्ड होता. म्हणजे या मातीत स्ट्रायकर पिकत नाही, हे खोटे आहे.

2018 च्या जूनमध्ये छेत्रीने चाहत्यांना विनंती केली होती की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. त्या हाकेला ओ देऊन अंधेरीला केनियाविरुद्धचा सामना भर पावसात पाहायला जे लोक आले होते, त्यांत मी होतो, माझा तेव्हा आठ वर्षांचा मुलगा माझ्या खांद्यावर होता. यंदा मी त्याच मुलाला घेऊन रात्रभर प्रवास करून मडगावला गेलो. आपल्या छांगतेने सिंगापूरविरुद्ध चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा तो मला घट्ट बिलगला. परतीच्या प्रवासात तो एक शब्द बोलला नाही. पहाटे फक्त एवढे विचारले की, "बाबा, मी राइट बॅकला खेळू का मग?" त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून ते आपल्याकडे मागत आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. लीग कधी सुरू होणार याची तारीख जाहीर करावी आणि पुढच्या तीन वर्षांचे वेळापत्रक राष्ट्रीय संघाच्या सामन्यांशी जुळवून आधीच ठरवावे. प्रत्येक जिल्ह्यात 13, 15 आणि 17 वर्षांखालील मुलांना वर्षाला किमान 30 साखळी सामने मिळतील अशी व्यवस्था करावी आणि महासंघाचे सरकारी अनुदान त्या सामन्यांच्या संख्येशी बांधावे. देशांतर्गत स्पर्धांपैकी निदान एका स्पर्धेत मध्यवर्ती स्ट्रायकर भारतीयच असावा असा नियम करायला महासंघाला भाग पाडावे. आणि आशियाई क्रीडा स्पर्धांसाठीची पहिल्या आठांची अट फुटबॉलपुरती कायमची काढून टाकावी. संसदेने ऑगस्टमध्ये क्रीडा प्रशासनाचा नवा कायदा केला आहे, त्यामुळे अधिकार नाहीत हे उत्तर यापुढे मी ऐकून घेणार नाही.

31 मार्च 2026 ला हाँगकाँगविरुद्ध आपला शेवटचा पात्रता सामना आहे. त्याच्या निकालाने आता काहीही बदलणार नाही, तरी मी आणि माझा मुलगा त्याची तिकिटे काढणार आहोत. त्या तारखेच्या आत आपले उत्तर यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी नागरिक