दुसरी गोळी

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा स्वारगेटला वाईच्या गाडीची वाट पाहताना तुम्ही जे बोललात, ते माझ्या मनातून जात नाही. “हात थरथरतो तो आजार, त्याची गोळी मी घेतो, पण मन खचते तो माझा कच्चेपणा, त्याला गोळी कशाला?” असे तुम्ही म्हणालात आणि आईनेही “मन घट्ट करायला हवे” म्हणून दुजोरा दिला. तुमच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवताना मला दुसऱ्या, म्हणजे मनाच्या उदासीवरच्या गोळीचे पाकीट दिसले होते. त्यातल्या पाचच गोळ्या संपल्या होत्या. तेवढ्यात गाडी लागली आणि बोलणे राहून गेले.

बाबा, तुमची थरथर आणि तुमचे खचणे ही एकाच आजाराची, कंपवाताची, दोन अंगे आहेत. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे सविस्तर वर्णन लिहिले, तेव्हा या आजारात बुद्धीला धक्का लागत नाही असेच त्यांनीही नोंदवले होते. पुढे तपासण्या होत गेल्या, तसे चित्र बदलले. आपल्या मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपण विचार न करता चालतो, लिहितो, सदऱ्याची बटणे लावतो. कंपवातात या पेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साठतात आणि पेशी हळूहळू मरतात. हात थरथरू लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास तरी गेलेल्या असतात. पण गाठी तेवढ्याच जागी थांबत नाहीत. त्या पट्ट्याच्या जरा खाली, मेंदूच्या देठात, निळसर झाक असलेला लोकस सेरूलियस हा इवलासा पुंजका आहे. तो जवळजवळ सगळ्या मेंदूला नॉरॲड्रेनालिन पुरवतो, आणि त्याच भागात मध्यरेषेवर सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात. झोप, भीती, सकाळी उठून काही करावेसे वाटणे, या सगळ्यांत या रसायनांचा वाटा आहे. पुष्कळ रुग्णांत गाठी आधी या खालच्या भागात दिसतात आणि काळ्या पट्ट्यापर्यंत नंतर पोहोचतात, असे जर्मन संशोधक हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले.

आई, तुला ते करपलेले दूध आठवते का? बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, घरभर वास सुटला होता, आणि “घरात लक्षच नसते” म्हणून तू किती बोलली होतीस. त्याच सुमारास ते झोपेत ओरडून हातपाय झाडू लागले आणि तुला गादी वेगळी घालावी लागली. वास न येणे आणि झोपेत स्वप्नाबरोबर अंग झाडणे, ही दोन्ही लक्षणे थरथरीच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. उदासीही तशीच आधी येऊ शकते. पुढे बाबांचे वळणदार अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होऊ लागले, बँकेने सही जुळत नाही म्हणून स्लिप परत केली आणि त्या दिवसापासून त्यांनी घाटावर जाणे सोडले. अपमान झाला म्हणून ते खचले, असे आपण धरून चाललो. अपमानाचे दुःख खरेच होते, पण ते सोसणारी यंत्रणाच आधीपासून पोखरली जात होती.

बाबा, तुम्हांला औषधी झाडांची आवड आहे म्हणून सर्पगंधेची हकीकत सांगते. तिच्यापासून काढलेले रेझर्पिन रक्तदाबावर मोठ्या प्रमाणात वापरले जाऊ लागले, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये या वनस्पतीवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले होते. पण रेझर्पिन घेणाऱ्यांपैकी काही जण उदास झाले, आणि काहींना कंपवातासारखी ताठरता व थरथर आली, कारण या औषधाने पेशींमधला डोपामिन, नॉरॲड्रेनालिन आणि सेरोटोनिन या तिन्हींचा साठा रिता होतो. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेझर्पिनने निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते द्रव्य, दिले आणि ते ससे पुन्हा हालू लागले. तुमची पहिली गोळी त्याच लेव्होडोपाची आहे. प्रत्येक माणसाची उदासी अशा रसायनांच्या हिशेबात बसते असे मी मुळीच म्हणणार नाही, पण तुमच्या बाबतीत आजाराचा हात उघड दिसतो.

पाच दिवसांत गुण आला नाही म्हणून तुम्ही ती गोळी सोडलीत ना? तिच्यामुळे सेरोटोनिन काही तासांतच वाढू लागते, परंतु पेशी त्या वाढीशी जुळवून घेण्यात दिवस जातात, त्यामुळे मनाला उभारी यायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत मळमळले तर घाबरू नका, मात्र मला कळवा.

गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते उद्या डॉक्टरांना विचारून रात्री फोन करते. आई, ते पाकीट तोवर पिशवीतून काढून पहिल्या गोळीच्या शेजारी ठेव, आणि “मन घट्ट करा” हे तेवढे आता बाबांना म्हणू नकोस.

तुमची लेक