अ‍ॅक्रिलिकवर जाळी टिकत नाही

संपादक महाशय,

आपल्या पुरवणीत जाळीदार लोकरी शालीची नक्षी आली. नक्षी बिनचूक आहे, पण लोकर कोणती घ्यावी ते राहिले आणि घोळ नेमका तिथेच होतो. आपल्याकडे बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकचा धागा. त्याची टोपी चांगली होते. लेकी-सुनांना द्यायची शाल होत नाही. जाळी सुईवर उमलत नाही, ती भिजवून, ताणून वाळवल्यावर उमलते. खरी लोकर तो ताण धरून ठेवते, अ‍ॅक्रिलिक पुन्हा आक्रसते. शंका असल्यास बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवावा. केस जळाल्याचा वास आणि चुरडणारी राख आली तर लोकर. कडक मणी झाला तर प्लास्टिक.

सुरुवातीला स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची लाटांची नक्षी बरी: १८ टाक्यांची लाट, चार ओळी. पहिली सुलट, दुसरी उलट. तिसरीत तीनदा दोन टाक्यांचा एक, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, पुन्हा तीनदा दोनाचा एक. चौथी सुलट. पाच लाटा आणि दोन्ही कडांना तीन-तीन मिळून ९६ टाके. सुया ४ मि.मी., धागा १०० ग्रॅमला सुमारे ८०० मीटर भरणारा. जाळीतला टाका सुटला तर साध्या विणीसारखा वर चढवता येत नाही, म्हणून दर आठ ओळींनी सगळ्या टाक्यांतून पातळ सुती दोरा ओवून ठेवावा, म्हणजे उसवावे लागले तरी तिथपर्यंतच. गोव्यात क्रोशाचे हात पुष्कळ, पण क्रोशातली दोरा ताणून धरायची सवय इथे नडते: दोनाचा एक करताना सुईच शिरत नाही. टाके बंद करताना एक नंबर मोठी सुई घ्यावी, नाहीतर कड आवळते आणि लाटा दिसतच नाहीत.

विणून झालेली शाल कोमट पाण्यात २० मिनिटे भिजवावी. चोळू नये, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावी. मग गादीवर टाचण्यांनी ताणावी. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच, आपल्या खाऱ्या हवेत साध्या टाचण्यांचे गंजाचे डाग पडतात. हे काम जुलैत काढू नये; ओली लोकर दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरते. डिसेंबरात रात्रीत होते.

कसर घामट लोकरीवर आधी बसते, म्हणून पावसाळ्याआधी धुऊन, कडकडीत वाळवून, सुती पंच्यात गुंडाळून ठेवावी. हँगरवर टांगलेली शाल आपल्याच वजनाने लोंबते.

— विणकाम करणाऱ्या काही वाचक, फोंडा