नाच आणि कविता वगळून द्वोर्झाक ऐकायचे कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांच्या रचनांची मैफल नुकतीच पुण्याच्या कॅम्पातल्या एका शाळेच्या सभागृहात झाली. शास्त्रीय संगीतात नाच आणि काव्यवाचन कशाला मिसळले, अशी तक्रार एका रसिकांनी याच सदरात केली आहे. मी पेठेत कथकचा वर्ग चालवते आणि त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत बसले होते. पाश्चात्त्य संगीत मी शिकलेले नाही, तरीही ही तक्रार मला मान्य नाही. त्या दिवशी जे वाजले, त्यातले बहुतेक सगळे नाचातून किंवा कवितेतूनच आलेले आहे.

सुरुवात झाली ‘स्लाव्होनिक नृत्यां’नी. 1878 साली द्वोर्झाक यांनी ती एका पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायची म्हणून लिहिली. ऑर्केस्ट्राचा साज त्यानंतर चढला. खाटीक आणि खानावळवाल्याच्या घरात वाढलेला हा माणूस प्रागच्या नाटकगृहात कित्येक वर्षे व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठे वाद्य) वाजवत होता. जर्मन संगीतकार ब्राम्स यांनी शब्द टाकला, म्हणून बर्लिनच्या सिमरॉक या प्रकाशकाने त्यांचे काम छापले आणि पाठोपाठ ही नृत्ये मागितली. चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत, कुठल्या लोकगीतावरून उचललेल्या नाहीत. लय मात्र गावच्या नाचांची.

यातले आठवे नृत्य ‘फुरियांत’, म्हणजे चेक लोकांचा एक जलद लोकनाच. कागदावर ते तीन-तीन मात्रांचे आहे. कानाला मात्र ऐकू येते एक-दोन, एक-दोन, एक-दोन, मग एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मात्रा बाराच, पण खंड असे की शेवटच्या दोन खंडांत पाऊल एकदम लांब पडावे. त्यावर कथक नाचणाऱ्या मुलीने नेमके तेच केले. पहिल्या तीन खंडांत जागच्या जागी ततकार (पायांनी वाजवलेली लय), पुढच्या दोनात रंगमंच ओलांडून समेवर. माझ्या शेजारी तिच्या आजी बसल्या होत्या. पियानोची मैफल त्या प्रथमच ऐकत होत्या. आधी त्यांची मांडीवरची टाळी चुकत होती, मग बोट आपोआप बरोबर पडू लागले. नाच समोर नसता, तर ही दोन-तीनची गंमत त्यांच्यापर्यंत पोचली असती असे मला वाटत नाही. खरे सांगायचे तर माझ्यापर्यंतही नाही.

सगळेच जमले होते असे मी म्हणणार नाही. 1891 मध्ये पुऱ्या झालेल्या ‘दुमकी’ या रचनेत पियानो, व्हायोलिन आणि चेलो असतात. विलापासारखा संथ भाग चालू असतो आणि बघता बघता त्यातून द्रुत लय उसळते. त्या संथ भागात घुंगरू नको होते. चेलो अगदी दबक्या आवाजात बोलत होता आणि पायांच्या आवाजात तो बुडाला. तिथे नुसता अभिनय पुरला असता. पुढच्या वेळी नृत्यरचनाकारांनी याचा जरूर विचार करावा.

आता कवितेविषयी. 1880 च्या ‘जिप्सी गीतां’मधले चौथे गाणे त्या दिवशी गायले गेले. शब्द चेक कवी आडोल्फ हेयडुक यांचे. म्हातारी आई गाणी शिकवताना रडायची; आता मी मुलांना शिकवतो, तर माझेही डोळे भरून येतात, एवढाच त्याचा आशय. 1875 ते 1877 या काळात द्वोर्झाक पती-पत्नीची तीन मुले एकामागून एक गेली होती. हे ठाऊक असताना ते गाणे कोरडेपणाने ऐकता येत नाही. गायिका दोनच्या चालीत गाते आणि खाली पियानो सहाच्या झुल्यावर असतो. आमच्या वर्गात आडी लय (दोनच्या जागेत तीन) शिकवताना जो ताण पायांत जाणवतो, तो इथे गळा आणि बोटे यांच्यात आहे. पण शब्दच कळले नाहीत, तर हा ताण कशासाठी ते कसे समजणार?

चेक कवी कारेल यारोमिर एर्बेन यांच्या पोवाड्यांसारख्या कथाकवितांवर द्वोर्झाक यांनी 1896 मध्ये ऑर्केस्ट्रासाठी रचना केल्या. त्यात गायक नाही, तरी काही चाली त्यांनी थेट एर्बेन यांच्या ओळींवर बेतल्या आहेत. त्यातली ‘दुपारची चेटकीण’ पियानोवर चार हातांनी वाजली. हट्टी पोराला आई धाक घालते, आपण बागुलबुवाचा घालतो तसाच. आणि ती चेटकीण खरोखरच दारात येते. बाराचे टोले पडतात, आई पोराला छातीशी कवटाळून बेशुद्ध होते. बाप जेवायला घरी येतो, तेव्हा आई शुद्धीवर येते, पोर गुदमरून गेलेले असते. ही गोष्ट आधी वाचून दाखवली, म्हणजे संगीतात भेसळ झाली का? कथकमध्ये आपण कवित्त, म्हणजे तालात बांधलेली कविता, आधी पढंत करून (तालात म्हणून दाखवून) मगच नाचतो. त्याला आजवर कुणी भेसळ म्हटलेले नाही.

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. सगळे वाचन इंग्रजीत झाले. नाचणाऱ्या मुलींचे आईवडील, आज्या-आजोबा सदाशिव, नारायण, कसब्यातून रिक्षा करून आले होते आणि चेटकिणीच्या वेळी एकमेकांकडे बघत होते. मी शेजारच्या आजींना गोष्ट कुजबुजत सांगितली. टोले सुरू झाले तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या मागच्या रांगेतल्या मंडळींना ते सुख मिळाले नाही.

म्हणून आयोजकांना विनंती, की हाच कार्यक्रम एकदा भरत नाट्य मंदिरासारख्या पेठेतल्या रंगमंदिरात, रविवारी सकाळी करावा आणि कविता मराठीत वाचाव्यात. गाण्यांचा मराठी अर्थ एका कागदावर छापून दारात वाटला तरी चालेल. पियानो तिथवर न्यायचा खर्च मोठा असतो, हे मला कळते. तिकीट त्याप्रमाणे ठेवावे. वाचनासाठी आवाज चांगला असलेल्या दोघी विद्यार्थिनी माझ्या वर्गात आहेत. आयोजकांनी कळवले, तर तालमीला वर्गाची जागाही मोकळी करून देईन.

आपली,
एक कथक शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)